खाप्याच्या उन्हात वाळत घातलेल्या चिपा

मे महिन्यात स्वेटर घेऊन घराबाहेर पडणारी आमच्या वस्तीत मी एकटीच होते. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, ऊन लागू नये म्हणून ओढणीच्या टोकाला बांधलेला कांदा आणि पिशवीत आईनं विणलेला लाल स्वेटर. शेजारची काकू रोज दारात उभी राहून विचारायची, "काहून वं पोट्टी, काश्मीरले जाऊन राहिली का?"

"हाव काकू, काश्मीरलेच," मी म्हणायची.

ते अगदीच खोटं नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मी एका कंपनीत लागले होते. ही कंपनी मोठ्या कचेऱ्यांना कॉम्प्युटर विकायची आणि मग त्यांची देखभालही करायची. सिव्हिल लाइन्समधल्या अशाच एका कचेरीत आमचं यंत्र बसवलेलं होतं. तीन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढा त्याचा आकार, आणि त्याला उकडू नये म्हणून त्याच्या खोलीत दिवसभर एअर कंडिशनर चालायचा. बाहेर डांबर वितळायचं आणि आत माझी बोटं गार पडायची. माझे बाबा गिरणीत मागावर होते. घरी एक टेबलफॅन होता, तोही मान फिरवताना कुरकुरायचा. त्यामुळे त्या खोलीचं दार उघडलं की पहिला गार झोत अंगावर यायचा तेव्हा मला रोज, अगदी रोज, हसू यायचं.

माझे सीनियर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे होते. खापा या गावातल्या विणकरांच्या घरातले. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला मॅडम म्हणायचे, पण शिकवताना थोरल्या भावासारखे थेट 'तू'वर यायचे. कचेरीच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब मात्र पुण्याकडचे, बदली होऊन आलेले. कोणी चपला घालून खोलीत शिरलं तर ते बोलायचे नाहीत, फक्त त्या चपलांकडे पाहत राहायचे. ते हसलेले कोणी पाहिले नव्हते.

त्या वर्षी यंत्र मधूनच अडकायला लागलं. हेड ऑफिसनं त्यावर उपाय म्हणून नव्या चिपा पाठवल्या. यंत्र सुरू झालं की आधी काय करायचं, डिस्कशी कसं बोलायचं, प्रिंटरला कसं सांगायचं, हे सगळं शिकवणारा एक प्रोग्राम यंत्राच्या पोटातल्या चिपांमध्येच लिहिलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. आता तो बसल्या जागी बदलता येतो म्हणे. तेव्हा तो बदलायचा म्हणजे जुन्या चिपा हातानं उपटायच्या आणि तिथं नव्या खोचायच्या. दिसायला चिप म्हणजे काळी गोम. दोन्ही बाजूंना पाय, आणि पाठीवर काचेची इवलीशी खिडकी. त्या खिडकीतून उन्हातल्यासारखा तीव्र प्रकाश आत गेला तर आतलं सगळं लिखाण पुसलं जायचं. म्हणून प्रत्येक खिडकीवर एक स्टिकर चिकटवलेला असायचा.

रविवारी कचेरी बंद असताना आम्ही काम काढलं. भाऊंनी कपाटाचं दार उघडलं, बोर्ड बाहेर ओढला, टेबलावर ठेवला आणि चिमटा माझ्यापुढे धरला.

"मी?" मी विचारलं.

"मग काय मी तुले पाहाले आनलं का? काढ. पन दात उपटल्यासारखं नाही, काटा काढल्यासारखं काढजो."

मी श्वास रोखून पहिली चिप काढली. एकही पाय वाकला नाही. दुसरी काढली. तिसरीनंतर मला इतका आनंद झाला की मी गुणगुणायला लागले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा कुठे गप्प झाले. जुन्या चिपा भाऊंनी काळ्या फोममध्ये ओळीनं खोचल्या आणि तो फोम मिठाईच्या एका गोल डब्यात ठेवला. नव्या चिपा बसल्या, बोर्ड आत गेला, बटण दाबलं. यंत्र घरघरलं, दिवे लुकलुकले आणि पडद्यावर ओळी उमटल्या. जे काम संपायला एरवी चहाचे दोन कप लागायचे ते पहिला कप यायच्या आत संपलं.

"ठीक," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "या साहेबायचं 'ठीक' म्हनजे दुसऱ्यानं बँड लावून नाचल्यासारखं आहे, समजलं?"

कंपनीचा नियम असा होता की नव्या चिपांवर पूर्ण विश्वास बसेपर्यंत जुन्या चिपा इंजिनियरनं स्वतःच्या ताब्यात ठेवायच्या. भाऊ नियमाचे पक्के. खाप्याला त्यांच्या बहिणीचं लग्न होतं, सोमवारी सकाळच्या एसटीनं ते गावी निघाले आणि मिठाईचा डबा आपल्या पिशवीत टाकून घेऊन गेले.

सोमवारी पगाराच्या चिठ्ठ्या छापायच्या होत्या. त्या कचेरीत माणसं भरपूर, म्हणून चिठ्ठ्यांचा एक लांबलचक सलग कागद असायचा, घडीवर घडी घातलेला, दोन्ही कडांना भोकं. तो लाइन प्रिंटरमध्ये लावला आणि प्रोग्राम सुरू केला. पहिली चिठ्ठी छान छापली गेली. मग प्रिंटरनं दुसऱ्या पानावर जायला कागद सरकवला आणि तो सरकवतच राहिला.

आधी आम्हाला कळलंच नाही. मग कागद मागच्या बाजूनं कारंज्यासारखा उसळायला लागला. कोरा कागद, घड्या उलगडत, फडफडत, आधी जमिनीवर, मग खुर्चीवर, मग टेबलावर. पान कुठून सुरू होतं ही खूण यंत्रानं प्रिंटरला सांगायची असते. नव्या फर्मवेअरमध्ये नेमकी तीच खूण चुकली होती. रविवारी आम्ही साध्या कागदावर दोन-चार ओळी छापून पाहिल्या होत्या, त्यामुळे ते लक्षात आलं नव्हतं. आता प्रिंटर बिचारा पानाची सुरुवात शोधत धावत होता. डेटा एंट्रीच्या बाया दारातून डोकावल्या आणि त्यातली एक किंचाळली, "बापा! हा तं कागदाचा अख्खा ढीगच बाहेर काढून राहिला!"

साहेब कागद थांबवायला पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला, पण कागद त्यांच्या हातांवरून, खांद्यावरून वाहत गेला. "बंद करा! अहो बाई, बंद करा!" ते ओरडत होते आणि कमरेपर्यंत पांढऱ्या कागदात बुडाले होते. मी बटणापर्यंत पोहोचायला त्या ढिगाऱ्यातून अक्षरशः पोहत गेले. प्रिंटर बंद झाला. एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत मी हसले. थांबवायला गेले तर जास्तच आलं. तोंडावर स्वेटर दाबून धरला तरी खांदे हलत होते.

साहेबांनी खांद्यावरचा कागद बाजूला केला. "झालं का हसून?"

"हो सर."

"पगार उद्या आहे."

मग मात्र हसू गेलं. हेड ऑफिसला ट्रंक कॉल लावला. खरखरीतून पलीकडचा माणूस म्हणाला की हो, दुसऱ्या एका शहरातूनही हीच तक्रार आली आहे, दुरुस्त चिपा यायला वेळ लागेल, तोवर जुन्या परत बसवा. मी फोन खाली ठेवला आणि साहेबांना सांगितलं की जुन्या चिपा खाप्याला लग्नाला गेल्या आहेत.

साहेब टेबलावरची टोपी उचलत म्हणाले, "जीप काढायला सांगा."

भाऊंच्या घरी फोन नव्हता, दुसरा इलाजही नव्हता. भर दुपारी आम्ही सावनेरच्या रस्त्याला लागलो. जीपचं कापडी छत फडफडत होतं, झळा आरपार जात होत्या. साहेब पुढच्या सीटवर ताठ बसले होते. मी मागे. वाटेत एका ठिकाणी थांबून आम्ही उसाचा रस प्यायलो, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या त्या भाऊंच्या बहिणीला काहीतरी द्यायला हवं. रिकाम्या हातानं लग्नाला कसं जायचं?" सावनेरच्या बाजारात उतरून त्यांनी स्टीलची घागर घेतली. उरलेला रस्ता ती घागर मांडीवर घेऊन बसले होते. मागून पाहताना मला पुन्हा हसू यायला लागलं, पण या वेळी मी खिडकीबाहेर तोंड काढून हसले.

लग्नघर शोधावं लागलं नाही. सनईचा भोंगा गावाच्या वेशीपासूनच ऐकू येत होता. दारात मांडव, मांडवात हळदीचा गोंधळ, आणि त्या गोंधळात भाऊ, पिवळेजर्द, कानापासून कोपरापर्यंत हळद लागलेले. आम्हाला पाहताच त्यांच्या हातातला पाण्याचा जग तसाच राहिला.

"साहेब? तुमी? या, या! मॅडम, काय झालं गा... अर्रर, वं... काय झालं?" गडबडीत त्यांनी मलाच, पुरुषाला म्हणतात तसं, 'गा' म्हटलं.

मी एका दमात सगळं सांगितलं. कागदाचं कारंजं सांगताना पुन्हा हसू आलं, आणि भाऊही हसायला लागले, मग साहेबांकडे पाहून थांबले. "डबा आहे. माझ्या पिशवीत आहे. आनतो," असं म्हणून ते आत पळाले आणि लगेच तसेच पळत बाहेर आले. पिशवी होती, डबा नव्हता.

घरभर शोधाशोध झाली. शेवटी भाऊंच्या मावशीच्या हातात डबा सापडला. मावशी म्हणजे त्या लग्नघराची खरी मालकीण, कमरेला किल्ल्या, पदर खोचलेला. डबा शंकरपाळ्यांनी काठोकाठ भरलेला होता.

"मावशे, याच्यात काळ्या काळ्या चिपा होत्या न वं!" भाऊ जवळजवळ रडायला आले होते.

"त्या गोमा?" मावशी शांतपणे म्हणाली. "डबे कमी पडून राहिले होते. त्या गोमा काळ्या कापसात खोचून ठेवल्या होत्या, हात लावला तं ओलसर वाटल्या. म्हनलं बुरशी धरन. उन्हात टाकल्या वाळाले."

"उन्हात?" मी आणि भाऊ एकाच वेळी ओरडलो.

"वर. सरगुंड्यांच्या बाजूले."

जिन्याच्या पायऱ्या मी कशा चढले ते मला आठवत नाही. गच्ची तापून तवा झाली होती. एका सुपात गव्हाचे सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या जाड शेवया, वाळत होते, दुसऱ्यात आमच्या चिपा, फोमसकट, खिडक्या वर करून. गोंद वितळून स्टिकर गुंडाळले गेले होते आणि बहुतेक खिडक्या उघड्या पडून उन्हात लखलख चमकत होत्या. मी अंगावरची ओढणी काढून त्या सुपावर टाकली आणि त्यावर आडवी झाले. मागून भाऊ आले, ते माझ्यावर सावली धरून उभे राहिले. मागून साहेब आले, घागर अजून हातातच. आणि सगळ्यांच्या मागून मावशी.

"पोट्टीले ऊन लागलं का गा?" तिनं विचारलं.

भाऊंनी तिला समजावलं की उन्हानं आतलं लिखाण पुसलं जातं. मावशीनं ओढणीचं टोक उचलून एका चिपेकडे डोळे बारीक करून पाहिलं. "याच्यावर कोनी लिहिलं बापा?" ती म्हणाली. "मले तं काहीच दिसून नाही राहिलं."

त्यावर साहेब हसले. म्हणजे आधी त्यांच्या नाकातून एक आवाज आला, मग खांदे हलले आणि मग ते घागर पोटाशी धरून गच्चीच्या कठड्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कदाचित उन्हामुळे असेल. त्यांचं पाहून भाऊ, भाऊंचं पाहून मी. मावशी आम्हा तिघांकडे पाहत म्हणाली, "शहरातल्या लोकायचं काही खरं नाही," आणि सरगुंडे उलटवायला बसली.

खाली सावलीत आल्यावर विचार केला. फोममधली रांग मोडली नव्हती, त्यामुळे कोणती चिप कुठे बसवायची ते ठाऊक होतं. भाऊ म्हणाले की पुसायला बरंच ऊन लागतं, एका दुपारीत सगळं जात नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मात्र वाचलेलं आणि खाप्याचं मे महिन्यातलं ऊन यात किती फरक आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. निदान आता तरी खिडक्या झाकायला हव्या होत्या. चिकटपट्टी नव्हती, स्टिकर निकामी झालेले. तेवढ्यात नवरीमुलगी, म्हणजे भाऊंची बहीण, आपल्या साजाच्या पेटीतून मोठ्या लाल टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. "हे चालन का?" चालणार होतं. खिडकीवर टिकली बेतून शिवल्यासारखी बसली. नवरी आणि तिच्या मैत्रिणी माझ्याभोवती गोल करून बसल्या आणि एकेक टिकली सोलून मला देत गेल्या. एकीनं तर चिपांना हळद-कुंकूच लावायचं सुचवलं, ते मी कसंबसं टाळलं.

आम्हाला लगेच निघायचं होतं, पण मावशीनं जेवल्याशिवाय जीप हलू दिली नाही. साहेबांच्या डोक्याला कोणीतरी फेटा बांधला. ते पंगतीत मांडी घालून बसले, वांग्याची भाजी आणि बुंदी खाल्ली आणि तिखटानं लाल झालेल्या चेहऱ्यानं आणखी भाजी मागितली. घागर नवरीच्या हातात देताना मात्र ते एकदम लाजले. भाऊ जीपपर्यंत आले.

"मी येऊ शकत नाही," ते म्हणाले. "तू एकटी करशीन न?"

"करीन."

"पायाकडं ध्यान ठेवजो. खाचेची बाजू पाहजो. आन घाबरजो नको, बिघडलं तं माझ्या नावावर."

परतीच्या वाटेवर फोम माझ्या मांडीवर, स्वेटरमध्ये गुंडाळलेला. साहेबांचा फेटा डोक्यावरच होता. तो काढायचं त्यांच्या लक्षात नव्हतं आणि आठवण करून द्यायची हिंमत माझ्यात नव्हती. कचेरीच्या फाटकावरच्या चौकीदारानं त्यांना ओळखलं नाही आणि जीप अडवली.

ऊन उतरत आलं होतं. मी बोर्ड काढून टेबलावर ठेवला. या वेळी चिमटा कोणी पुढे केला नाही, मीच उचलला. नव्या चिपा एकेक करून काढल्या, जुन्या टिकल्यावाल्या एकेक करून बसवल्या. डेटा एंट्रीच्या बाया घरी गेल्या नव्हत्या, काचेपलीकडे उभ्या होत्या. साहेब टॉर्च धरून माझ्या शेजारी. बोर्ड आत सरकवला आणि बटणावर बोट ठेवलं. तो क्षण मला आवडला, हे कबूल केलं पाहिजे. एवढी भीती आणि एवढी मजा मला एकाच वेळी कधीच वाटली नव्हती.

दाबलं. काही नाही. मग घरघर. मग दिवे. मग पडद्यावर ती जुनी, ओळखीची ओळ, आणि तिच्या शेवटी जुन्या फर्मवेअरचा आकडा.

"आलं?" साहेबांनी विचारलं.

"आलं. प्रिंटर लावा."

पहिली चिठ्ठी छापली गेली. कागद सरकला. आम्ही सगळे त्या कागदाकडे असे पाहत होतो, जणू तो आता काहीतरी बोलणार आहे. तो जिथं थांबायला हवा तिथं थांबला. दुसरी चिठ्ठी. तिसरी. काचेपलीकडे टाळ्या वाजल्या. त्या प्रिंटरचा आवाज इतका कर्कश होता की एरवी कानात बोळे घालावेसे वाटायचे. त्या संध्याकाळी मी त्याच्या तालावर पाय आपटत होते आणि साहेब ते पाहूनही काही बोलले नाहीत.

चिठ्ठ्या निम्म्याहून जास्त झाल्यावर साहेबांनी बाकीचं काम ऑपरेटरवर सोपवलं आणि म्हणाले, "चला, तुम्हाला घरी सोडतो."

आमच्या वस्तीत जीप शिरणं ही त्या काळी घटना होती. गल्लीत लावलेल्या खाटांवरून लोक उठून बसले. काकू दारात आली. बाबा गिरणीतून नुकतेच आले होते, बनियनवर, हातपाय धूत होते. जीपमधून मी उतरले आणि माझ्यामागून एक फेटेवाले साहेब उतरले, तेव्हा बाबांच्या हातून तांब्या निसटला. काहीतरी वाईट घडलं असंच त्यांना वाटलं असणार.

"काय झालं साहेब?" ते म्हणाले. "पोरीनं काही केलं का?"

"केलं ना," साहेब म्हणाले. "बसू का जरा? पाणी द्या. मग सांगतो."

आईनं घाईघाईत खुर्चीवरचे कपडे उचलले, पण साहेब खाटेवरच बसले. गटागटा पाणी प्यायले, चहाला हो म्हणाले आणि मग सांगायला लागले. माझ्यापेक्षा छान सांगितलं त्यांनी. कागद कसा उसळला हे सांगताना दोन्ही हात डोक्यावर नेले. मी सुपावर कशी आडवी पडले ते सांगताना खाटेवर अर्धे आडवे झाले. बाबांना चिप म्हणजे काय ते माहीत नव्हतं, फर्मवेअर तर नाहीच, पण सूप, शंकरपाळे, मावशी आणि ऊन हे सगळं नीट माहीत होतं. ते आधी अदबीनं ऐकत होते, मग ओठ दाबून, आणि मावशीला लिखाण दिसेना तिथं आल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. दमून आलेले बाबा एवढे मोठ्यानं हसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहेत.

"आन मग चालू झालं का ते?" काकूनं दारातूनच विचारलं. ती एव्हाना उंबऱ्याच्या आत आली होती.

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. यांनी एकटीनं चालू केलं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी चहाचे कप गोळा करायच्या निमित्तानं आत गेले, आणि आत आई चुलीपाशी उभी राहून पदर तोंडात धरून हसत होती.